पद्मिनी गरम होतेय? रेडिएटर बदलायच्या आधी हे वाचा, या चुका टाळा

प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट, घेणाऱ्या नव्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला, "काटा लाल पट्ट्यात जातोय, कुठला रेडिएटर टाकू?" अरे पण रेडिएटरच का? गाडी कधी गरम होते ते आधी बघितलंस का? सिग्नलला उभी राहिल्यावर काटा चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो, तर हवेचा प्रॉब्लेम आहे, म्हणजे फॅन, बेल्ट, नाहीतर जाळीत अडकलेला कचरा. उलट सिटीत ठीक आणि हायवेला ऐंशीच्या पुढे तापते, तर पाणी फिरत नाहीये. आणि थंड इंजिन सुरू केल्यापासून दोन मिनिटांत झाकण उघड्या रेडिएटरमध्ये बुडबुडे यायला लागले आणि थांबतच नाहीत, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग, बघा. एवढं बघायला एकही पाना लागत नाही, तरी कोणी बघत नाही.

सगळ्यात जास्त छळणारी चूक म्हणजे फक्त रेडिएटर साफ करायचा आणि ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनचा मुख्य भाग, विसरायचा. ओळखीतल्या एका मुलाने पद्मिनी घेतली, साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट चढताना दरवेळी निम्म्यात वाफा. गॅरेजवाल्याने रेडिएटर उतरवून रॉडिंग केलं, म्हणजे नळ्यांत सळई घालून साफ केलं, मग नवा कोअर (आतली जाळी) टाकला, मग वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, बदलली, शेवटी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारा वॉल्व, काढून फेकला आणि सांगितलं की जुनी गाडी आहे, घाटात तापणारच. हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. याच गाड्या मुंबईत मे महिन्यात, ट्रॅफिकमध्ये दिवसभर टॅक्सी म्हणून चालल्या, पार ऑक्टोबर 2023 पर्यंत.

गाडी माझ्याकडे आली तेव्हा मी आधी ब्लॉकच्या बाजूचा ड्रेनचा नळ उघडला. पाणी भरलेलं इंजिन, आणि नळातून एक थेंब नाही. ताठ तार आत घालून फिरवत बसलो, आधी चॉकलेटी चिखल आला घट्ट, मग गंजाच्या खपल्या, आणि मग एकदम भसकन पाणी. ब्लॉकच्या बाजूची पत्र्याची गोल बुचं काढली तर मागच्या सिलिंडरभोवती पाण्याची जागा गाळाने भरलेली, बोट आत जाईना. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेलं, त्यात ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं, मग गंज आणि क्षार दोन्ही होणारच. खरवडून, दोन्ही बाजूंनी पाइप लावून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलं, नवी बुचं ठोकली, नवीन थर्मोस्टॅट बसवला. त्यानंतर तीच गाडी चार माणसं बसवून तोच घाट चढली, काटा मधेच. म्हणजे नव्या कोअरचे आणि वॉटर बॉडीचे पैसे गेले ते गेलेच. म्हणून माझ्याकडे कुठलीही गरम होणारी गाडी आली की पहिला तो नळ उघडतो, बाकी सगळं नंतर.

थर्मोस्टॅट काढून टाकणं हा दुसरा आवडता शॉर्टकट. "वॉल्व काढला की गाडी थंड चालते." चालते ना, गरजेपेक्षा थंड चालते, चोक जास्त वेळ ओढावा लागतो, जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं, आणि खरा फॉल्ट उन्हाळ्यापर्यंत लपून राहतो. शंका असेल तर काढा पण तपासा. थर्मोस्टॅटच्या तोंडात दोरा अडकवून तो पातेल्यातल्या पाण्यात लटकवायचा, शेजारी थर्मामीटर आणि खाली गॅस, वॉल्व उघडला की दोऱ्यावरून सुटून खाली पडतो. त्यावर ठोकलेल्या आकड्याच्या आसपास पडला तर चांगला आहे, पाणी उकळलं तरी लटकलेलाच राहिला तर फेका. दहा मिनिटांचं काम, तेवढा धीर नसेल त्याने जुन्या गाडीच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते, तर नव्या पोरांच्या डोक्यातच येत नाही, कारण तिथे पाणी दिसत नाही. डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटची टाच झिजते, गॅप कमी होतो, टायमिंग मागे पडतं, गाडी ओढत नाही आणि जास्तीची उष्णता हेडमध्ये जाते. ओढ कमी आणि तापणं सोबत आलं तर आधी फीलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) घ्या.

रेडिएटरचा खालचा होज पाइप आतून मऊ पडलेला असेल तर उभ्या गाडीत एकदम ठणठणीत दिसतो. बॉनेट उघडून रेस द्यायला लावा आणि लक्ष त्या पाइपवर ठेवा, पंपाच्या ओढीने चपटा होत असेल तर हायवेला तापायचं कारण सापडलं.

बाहेरून इलेक्ट्रिक फॅन बसवलाय? वायरी उलट लागल्या की तो उलटा फिरतो आणि गाडीच्या चालीने येणारी हवा परत ढकलतो. जाळीसमोर कागद धरा, आत ओढला गेला पाहिजे. बेल्ट अंगठ्याने सेंटीमीटरभर दबावा, जास्त नाही. रेडिएटरच्या झाकणाचं रबर कडक झालं असेल तर झाकण बदला, स्वस्तात होतं. आणि जाळीसमोर ओळीने फॉग लाइट लावू नका राव, हवा कुठून जाणार?

गाडी रस्त्यात तापलीच तर गरम झाकण उघडायचं नाही, फडकं धरूनही नाही, चेहरा भाजलेले लोक बघितलेत मी. वरचा होज हाताने आरामात दाबता येईपर्यंत थांबा. मग पाणी ओतताना इंजिन चालू ठेवून बारीक धारेने ओता. तापलेल्या अॅल्युमिनियमच्या हेडवर गार पाण्याची अख्खी बाटली रिकामी केलीत तर हेड वाकतं किंवा तडकतं, आणि पद्मिनीचं चांगलं हेड आता शोधत फिरावं लागतं. घरी आल्यावर ते रस्त्यातलं पाणी काढून टाका आणि डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं भरा, बोअरचं पाणी परत नको.