पाच सूर, पाच घरं: बेस गिटारवर पेन्टॅटॉनिक कशी बसवावी

पेन्टॅटॉनिक म्हणजे पाच सुरांची स्केल. नाव परकं आहे, सूर आपलेच. भजनाच्या पेटीवर भूप काढता येत असेल तर अर्धं काम झालेलंच आहे. म्हणून आधी गा, मग वाजवा.

तारा जाडीकडून ई, ए, डी, जी अशा लावा. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत गिटार दुपारभर राहिली की सूर हलतात, तेव्हा रोज तपासा. जाड तारेचा ५ वा फ्रेट (गळ्यावरच्या पट्ट्यांमधला खण) हा आपला सा, म्हणजे पेटीची पांढरी सहा. त्या तारेवर ५ आणि ८, बाकी तिन्ही तारांवर ५ आणि ७. पहिलं बोट ५ वर, तिसरं ७ वर, करंगळी ८ वर. पंजा जागचा हलवायचा नाही. ऐकू येतील सा, कोमल ग, म, प, कोमल नी: धानी रागाचे सूर. वरचा सा डी तारेच्या ७ व्या फ्रेटवर आहे. तो डोळे मिटून सापडला पाहिजे, कारण बेसवाल्याला समेवर घरी यावंच लागतं.

लयीसाठी मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवा. माझ्या शेजारी यंत्रमाग चालतो. त्याच्या खटक-खटकीवर मी महिनाभर एवढी एकच पोझिशन, म्हणजे पंज्याची एक जागा, घोटली. अशा एकूण पाच आहेत; पाचही एकदम पाठ करू नका, बोटं शिकतात पण कान मागे राहतो.

मग दुसरी: ई तारेवर ८-१०, ए वर ७-१०, डी वर ७-१०, जी वर ७-९. सूर तेच आहेत. पण आता ई तारेच्या ८ व्या फ्रेटला सा माना आणि गा. भूप! हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तासभर तिथंच अडकलो होतो. पुढच्या तीन पोझिशन जाड तारेच्या १०, १२ आणि १५ व्या फ्रेटपासून निघतात. प्रत्येक ठिकाणी पहिल्या सुराला सा मानलंत तर अनुक्रमे मधमाद सारंग, मालकंस आणि दुर्गा यांचे सूर मिळतात. आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात. १७ व्या फ्रेटवर पुन्हा पहिलाच आकार येतो.

पोझिशन जोडताना उडी मारू नका. जी तारेवर ७ वरून ९ वर घसरत जा आणि तिथून दुसरी पोझिशन उतरत या. सराव हेडफोन लावून करा. मोबाईलच्या स्पीकरमधून जाड तारेचा खर्ज नीट ऐकूच येत नाही.