आठवी ते दहावीच्या वर्गात लैंगिक शिक्षणाचा तास घेताना या चुका टाळा

वर्षातून एकदा डॉक्टरीणबाई येतात. मुलींना हॉलमध्ये बसवून पाळीबद्दल सांगतात, पॅडचं एकेक पाकीट वाटलं जातं आणि मुलगे तेवढा वेळ मैदानावर क्रिकेट खेळतात. कितीतरी शाळांमध्ये लैंगिक शिक्षण एवढ्यावरच संपतं. विज्ञान शिकवताना सुरुवातीची काही वर्षं मीही हेच केलं. मुलग्यांना बाहेर पाठवणं किती महागात पडतं, ते मला नंतर चिठ्ठ्यांनी शिकवलं.

त्या चिठ्ठ्याही पहिल्यांदा आल्याच नाहीत. प्रश्नपेटी ठेवली आणि म्हटलं, "ज्यांना प्रश्न आहे त्यांनी लिहा." कोणी पेनही उचललं नाही. पेन उचललं की शेजारचा बघणार! आता सगळ्यांना सारख्या आकाराचे कागद देते आणि प्रत्येकाने काहीतरी लिहायचंच असं सांगते. प्रश्न नसेल तर कवितेच्या दोन ओळी लिहा. पेटी वर्गात कधीच उघडत नाही. घरी नेऊन वाचते आणि पुढच्या तासाला उत्तरं देते. अक्षर ओळखू आलं तरी त्या मुलाकडे बघायचं नाही, हे कटाक्षाने पाळते.

मुलग्यांच्या चिठ्ठ्यांमध्ये हटकून 'स्वप्नदोष' असतो. शब्दातच दोष, मग मूल घाबरणार नाही तर काय? त्यात एसटी स्टँडजवळच्या भिंतींवर 'गुप्तरोग, मर्दानी कमजोरी' अशा जाहिराती रंगवलेल्या असतात. तेव्हा स्पष्ट सांगा: वयात येताना झोपेत वीर्य बाहेर पडणं नैसर्गिक आहे. त्याने किंवा हस्तमैथुनाने अशक्तपणा येत नाही आणि पुढे मूल होण्यात अडचण येत नाही. लघवीला जळजळ, जखम, पू ही मात्र डॉक्टरांकडे जाण्याची कारणं आहेत. आणखी एक गोष्ट फळ्यावर लिहाच. वृषणात अचानक जोराची कळ आली, सूज आली, तर तडक रुग्णालय गाठायचं. वृषणाला पीळ पडला असेल तर साधारण सहा तासांच्या आत उपचार व्हावे लागतात, नाहीतर ते कायमचं निकामी होऊ शकतं. लाजेपोटी मुलगा रात्रभर दुखणं सोसत बसला तर ही वेळ निघून जाते.

शब्द टाळणं ही दुसरी मोठी चूक. 'खालची जागा', 'तिथलं' अशा भाषेत शिकलेल्या मुलाला उद्या कोणी हात लावला तर ते नेमकं काय सांगणार? शिश्न, वृषण, योनी, गर्भाशय हे शब्द नाक, कान म्हणावं तितक्या सहज म्हणा. वर्ग हसेल. हसू द्या, पाच मिनिटांत ओसरतं. चिठ्ठीत गावठी शब्द आला तर रागावू नका, तोच प्रश्न योग्य शब्दात वाचा. 'कावळा शिवला' म्हणजे काय, हे मुलग्यांसमोरही बोला. पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षं ती अनियमित असू शकते. पंधरा वर्षं पूर्ण होऊनही आली नाही, तर डॉक्टरांना दाखवायचं.

नुसती भीती घालणं मला सगळ्यात घातक वाटतं. "एकदा चुकलात की आयुष्य संपलं" असं ऐकलेली मुलगी अडचणीत आली की लपवते, आणि इथे तर तास मोजावे लागतात. तातडीची गर्भनिरोधक गोळी ७२ तासांच्या आत आणि जितकी लवकर तितकी चांगली. ती लैंगिक संसर्ग मात्र रोखत नाही. एचआयव्हीचा धोका झाला असेल तर प्रतिबंधक औषधंही ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात, त्यासाठी सरकारी रुग्णालयात जायचं. एचआयव्हीची माहिती १०९७ वर विचारता येते. पालकांना हेही सांगा की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस ९ ते १४ वयात दिलेली उत्तम.

मोबाइलबद्दल 'वापरू नका' एवढंच सांगून भागत नाही. अठराखालच्या कोणाचाही नग्न फोटो बाळगणं, पुढे पाठवणं गुन्हा ठरतो, मग तो त्या मुलीने किंवा मुलाने स्वतः पाठवलेला का असेना. कोणी फोटोवरून धमकावत असेल तर पैसे द्यायचे नाहीत, चॅट पुसायचं नाही, मोठ्या माणसाला सांगायचं.

तासाआधी पालकसभा न घेणं ही चूक शाळेला भोवते. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, आणि त्याच महाराष्ट्रात २००७ साली किशोरवयीनांच्या शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला गेला. म्हणून चित्रं, तक्ते आधी पालकांपुढे ठेवा. "यामुळे मुलं बिघडतील" असं कोणीतरी म्हणेलच. युनेस्कोच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत अनेक देशांतले अभ्यास तपासले आहेत. अशा शिक्षणाने लैंगिक संबंध वाढत नाहीत, असंच त्यातून दिसतं.

शेवटची चूक चांगल्या मनाने होते. मूल जवळ येऊन विचारतं, "बाई, कोणाला सांगणार नाही ना?" आणि आपण "नाही रे बाळा" म्हणून जातो. असं वचन देऊ नका. पॉक्सो कायदा, २०१२ नुसार अठराखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास शिक्षा आहे. मी म्हणते, "तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन, आणि आधी तुला सांगून." मग खोदून प्रश्न विचारत नाही. ते म्हणालं ते त्याच्याच शब्दात लिहून ठेवते, मुख्याध्यापकांना कळवते आणि १०९८ या मुलांच्या मदतवाहिनीला फोन लावते. तोवर ते मूल माझ्याजवळ बसलेलं असतं.