कॅक्टसला खड्डा नको, ढीग पाहिजे

पाऊस आता गेल्यातच जमा आहे, सोयाबीन निघून राहिलं, तं ज्यांना अंगणात किंवा शेतातल्या घरासमोर कॅक्टसचं रॉक गार्डन करायचं आहे त्यांनी कोजागिरी ते नोव्हेंबरचा मध्य एवढ्या दिवसांत दगड-मातीचं काम उरकून घ्या. काहून म्हणाल तं आपली काळी माती. आत्ता तिच्यात कुदळ लागते, फेब्रुवारीपर्यंत तिला भेगा पडतात अन् मंग सब्बल मारून मारून खांदे जातात.

लोकांना वाटते नागपूरचं ऊन म्हणजे कॅक्टसची चैन. ऊन तो बऱ्यापैकी सोसते, पण आपल्याकडे वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडते अन् तोही बहुतेक जून ते सप्टेंबरातच, हे कोणी मोजत नाही. मी पहिल्यांदा केलं तेव्हा चांगला दोन फूट खड्डा खणला, खाली गिट्टी, वर रेती, अन् वाटलं आता निचऱ्याची काळजी मिटली. पण चारही बाजूंनी चिकण काळी माती असल्यावर पाणी जाईन कुठं, जुलैत त्या खड्ड्याचा हौद झाला, वरून कोरडं दिसे अन् बोट खुपसलं की गाळ. तीन गोल्डन बॅरल (पिवळ्या काट्यांचे गोल कॅक्टस) गेले. वरून हिरवेगार होते, हात लावला तं अख्खं डोकंच हातात आलं, खाली नुसता लगदा. संत्रावाल्यांना हे सांगायची गरज नाही, बुडाशी पाणी थांबलं की डिंक्या रोग येते हे त्यांना पाठ आहे, कॅक्टसचंही दुखणं त्याच घरातलं.

म्हणून खड्डा नाही, जमिनीच्या वर ढीग. वरची गवताची चार-सहा इंच माती काढून टाका, जमिनीला एका बाजूला उतार द्या, त्यावर विटांचे तुकडे अन् जाडा मुरूम टाकून मधोमध दीड ते दोन फूट उंच येईन असा ढीग करा, कडेला उतरता. दहा बाय सहा फुटाची जागा घराला पुरे. पाडलेल्या भिंतीचा मलबा फुकट मिळते, पण त्यातलं सिमेंट-चुन्याचं प्लास्टर वेगळं करूनच घ्या, कॅक्टसला चुनखडी जमीन फारशी मानवत नाही. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राखही कोणी सुचवते, ती नको, पिठासारखी बारीक असते, ओली झाली की थापून बसते.

वरच्या फूटभर थरात झाडाची मुळं राहणार, तिथं कंजुषी करू नका. माझं माप घमेल्याचं आहे: दोन घमेली बारीक गिट्टी किंवा चाळलेला मुरूम, दोन घमेली जाडी रेती, एक घमेलं लाल माती, अर्धं घमेलं जुनं कुजलेलं शेणखत, अन् दोन मुठी निंबोळी पेंड. गिट्टीतली चुरी चाळून फेका, नाही तं पहिल्या पाण्यातच कोबा होते. मूठभर मिश्रण ओलं करून दाबून पाहा, मूठ उघडली की विस्कटलं पाहिजे, लाडू वळला तं अजून रेती घाला.

दगडाचं म्हणाल तं आपला काळा दगडच बरा, विहीर खोदताना निघालेला असला तं नुसत्या गाडीभाड्यात येते. सेमिनरी हिल्सवर फिरायला गेले की नीट पाहा, दगड जमिनीत रुतलेला असते, वर आणून ठेवल्यासारखा नसते. (पाहाच फक्त, उचलून आणू नका.) प्रत्येक दगडाचा एक तृतीयांश भाग गाडायचा, मागच्या बाजूला किंचित कलता, अन् चार मोठे दगड आधी बसवून मंग लहान. पण मे महिन्यात हाच दगड तव्यासारखा तापते, म्हणून झाड अन् दगडात वीतभर जागा सोडा. मोठा दगड झाडाच्या पश्चिमेला लावला तं दुपारनंतर त्याची सावली मिळते. घराच्या पागोळ्या किंवा टाकीचं ओव्हरफ्लो जिथं पडते ती जागा तं अजिबातच नको.

ढीग रचून दोन हप्ते तसाच बसू द्या, दबला तिथं भर घाला. मंग लावायला घ्या, पण सगळं एकदम नाही. उभे सेरियस, फड्या निवडुंग, गोल्डन बॅरल, फेरोकॅक्टस यांचे मोठे नग, ढीग तोवर बसला असला तं, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लावले तं चालते. बारीक मॅमिलेरिया वगैरे शिवरात्रीनंतर, थंडी शिव शिव करत गेली की. अन् ते लाल-पिवळ्या डोक्याचे मून कॅक्टस बाहेर लावूच नका, त्या डोक्यात हरितद्रव्यच नसते, खालच्या कलमाच्या खुंटावर ते जगते, उन्हात पार भाजून निघते.

कुंडीतून काढायच्या आधी दक्षिणेकडच्या बाजूला खडूने खूण करा अन् लावताना तीच बाजू दक्षिणेला ठेवा. हे फालतू वाटते, पण सावलीतली बाजू एकदम उन्हात आली की पिवळट-पांढरा डाग पडते अन् तो जन्मभर जात नाही. पकडायला वर्तमानपत्राची जाड घडी किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा. तुटलेली मुळं चार-पाच दिवस सावलीत सुकू द्या, कोरड्याच मिश्रणात लावा, कुंडीत होता त्यापेक्षा थोडा वरच, बुडाभोवती गिट्टी, अन् पहिलं पाणी आठ दिवसांनी. लावल्या लावल्या पाइप धरायची सवय सोडा.

संत्र्याला आंबिया बहाराचा ताण देता ना, डिसेंबर-जानेवारीत? तेव्हाच कॅक्टसचंही पाणी तोडायचं, ढिगात मोठं झाड असलं तं महिन्यातून एकदा थोडंसं, बस. फेब्रुवारीपासून आठ-दहा दिवसांनी, संध्याकाळी. पहिल्या उन्हाळ्यात मार्चच्या मध्यापासून 50 टक्के सावलीची हिरवी जाळी लागेनच, पुढच्या वर्षी मोठ्यांना नाही लागत. पांढरा कापूस दिसला तं तो पिठ्या ढेकूण, ब्रशने स्पिरिट लावा. बुडाला मऊ तपकिरी डाग दिसला तं झाड उपटा, स्वच्छ सुरीने निरोगी भागापर्यंत कापा, कापाला कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची पूड लावून पंधरा दिवस सुकवा, जगलं तं जगलं.

अन् दगडाखाली हात घालायच्या आधी काडीने उचकून पाहा, विंचवाला अशी जागा फार आवडते.

पावसाळ्यात वरून पारदर्शक शीट लागते, चारही बाजू मोकळ्या अन् उतार ढिगाच्या बाहेर. तिच्या खांबांसाठी चार पाइप ढीग रचतानाच पुरून ठेवा, मृगात मुळं वाचवत खड्डे खणत बसू नका.