वार पडायची वाट बघू नका, आधी चीक पाजा

जून-जुलैत बोकड दाखवून भरलेल्या शेळ्या आता व्यायला लागल्यात. भरल्यापासून १५० दिवस मोजा, येळवशीच्या (मार्गशीर्ष अमावस्येच्या) आगेमागे निम्म्या गोठ्यांत करडं असणार आणि नेमका गारठा पण तेव्हाच असतो, परभणीकडं तर पारा दहाच्या खाली सहज जातो. म्हणून बाकी सगळं नंतर, आधी एकच सांगतो. करडू जन्मलं की अर्ध्या तासात, फार तर तासाभरात चीक, म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं घट्ट दूध, त्याच्या पोटात गेला पाहिजे, वार (व्यायल्यावर बाहेर पडणारा करडाभोवतीचा पडदा) पडलेली असो नाहीतर नसो.

दरवर्षी तेच बघतो. शेळी व्यायली, करडं पुसली, डालग्याखाली झाकली, आई बाहेर ओरडतेय, कास टरटरून फुगलेली, आणि सगळे वारेची वाट बघत बसलेत. विचारलं की ठरलेलं उत्तर, "अवो, आधी पाजलं तर वार आत राहती." होतं नेमकं उलटं. करडू सडाला ढुसण्या देतं तेव्हा शेळीच्या अंगात ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं, त्यानंच पान्हा येतो आणि त्यानंच गर्भपिशवी आवळून वार सुटायला मदत होते. वार पडायला काही तास लागणारच. बारा तास झाले तरी नाही पडली तर डॉक्टरला बोलवा, पण वार ओढू नका आणि लोंबणाऱ्या वारेला ओझं बांधू नका.

चिकाची एवढी घाई का, तर शेळीच्या पोटात असताना करडाला आईकडून रोगाशी लढायची ताकद मिळतच नाही, ती सगळी चिकातून येते. आणि ती शोषून घ्यायची आतड्याची क्षमता तासातासाला कमी होत जाते, २४ तासांनंतर जवळपास संपते. दुसऱ्या दिवशी बादलीभर चीक पाजला तरी त्याचं फक्त दूध झालं म्हणायचं. माप सोपं आहे, २४ तासांत वजनाच्या १० टक्के. २ किलोचं करडू असेल तर २०० मिली, चार-पाच वेळा विभागून, निम्मा पहिल्या सहा तासांतच जाऊ द्या.

पाजताना आधी दोन्ही सडांच्या दोन-दोन धारा पिळून टाका, सडाच्या तोंडाला चिकट बूच बसलेला असतो आणि अशक्त करडाला तो ओढता येत नाही. करडू नुसतं सड तोंडात धरून उभं आहे याच्यावर समाधान मानू नका, पोटाखाली हात घालून बघा, भरलेलं लागतं का चपटं. शेळीला सड दोनच, त्यामुळं तिळं झालं की तिसरं कायम बाहेर ढकललं जातं, त्याला हातानं धरूनच पाजावं लागतं. आईला चीक कमी असेल तर दुसऱ्या ताज्या व्यायलेल्या शेळीचा, तोही नाही तर गाई-म्हशीचा चालतो. जादा असेल तो बाटलीत भरून फ्रीजरमध्ये ठेवा, लागेल तेव्हा कोमट पाण्यात बाटली धरून पातळ करा, उकळू मात्र नका.

आता गारठ्याचं. आभाळ निरभ्र आणि संध्याकाळी वारा पडला की पहाटे हमखास कडाका असतो, त्या रात्री गोठ्यात एक चक्कर जास्त मारा. करडाच्या तोंडात बोट घालून बघा, तोंड गार आणि बोट चोखत नसेल तर बाटलीनं दूध ओतू नका, ते फुफ्फुसात जातं. आधी कोरडं करा, पोत्यात गुंडाळा, बल्बखाली ऊब द्या, चोखायला लागलं की मग चीक. माझा आपला अंदाज सांगतो, पुस्तकात नाही सापडणार. कान गार लागलेल्या दहातल्या आठ करडांचं पोट रिकामंच असतं. थंडीनं मेलं म्हणतात, खरं ते उपाशी मेलेलं असतं.

आणि मग तोच माणूस दुकानात जाऊन विचारतो, जुळी व्हायची पावडर आहे का. असते ना, डबा भारी असतो आणि किंमत त्याहून भारी. ते पैसे मक्याच्या आणि तुरीच्या भरड्यात घाला. शेळी भरवायच्या आधी दोन-तीन आठवडे आणि भरल्यावर तेवढेच दिवस रोज २००-३०० ग्रॅम खुराक दिला की बीजं (अंडी) जास्त सुटतात, जुळ्यांची शक्यता वाढते. खंगलेल्या शेळीला याचा जास्त फायदा, चरबी चढलेल्या शेळीला फारसा नाही. आपली उस्मानाबादी मुळातच जुळ्यांची जात, पहिलारू एकच देते, तिसऱ्या-चौथ्या वेतापासून बघा. बोकड बदलला म्हणून त्याच वेतात जुळी होत नाहीत, किती बीजं सुटायची ते शेळीवर. बोकड जुळ्यातला निवडायचा तो त्याच्या पोरींसाठी.

पण जुळी झाली की प्रत्येक करडू लहान, अंगात चरबी कमी, आणि चीक दोघांत वाटून. म्हणजे वारेची वाट बघण्यात पहिलं तेच जातं ज्याच्यासाठी पावडर आणली होती.

गाभणपणाचा शेवटचा दीड महिना पण असाच दुर्लक्षाचा. करडाचं दोन तृतीयांशहून जास्त वजन याच काळात वाढतं, पोटात जागा उरत नाही म्हणून शेळी कडबा कमी खाते, आणि आपण "वजन वाढलं, व्यायला अडेल" म्हणून खुराक तोडतो. रोज २५०-३०० ग्रॅम चालू ठेवा, नाहीतर जुळी असलेली शेळी शेवटी खाणंच सोडते, सुस्त पडते, आणि वाचली तरी चीक उतरत नाही. तूर-हरभऱ्याचं भुसकट पुढं येईलच, ते साठवून ठेवा. सुबाभूळ द्या पण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको.

बाकी नेहमीची कामं:
- नाळ दोन इंचावर बांधून कापणे, टिंक्चर आयोडीन
- गोठ्यात कोरडा पाला, वाऱ्याच्या बाजूला पोती
- व्यायच्या ४-६ आठवडे आधी शेळीला आंत्रविषार (आतड्यात विष होण्याचा रोग) लस
- गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल (जंताचं औषध) नको
- करडाचं वजन जन्मताच आणि दर महिन्याला, ताणकाट्यावर
- पंधरा दिवसांनंतर कोवळा पाला, थोडा भरडा
- पातळ हगवण लागली की लेंडी तपासून मगच औषध
- तीन-चार महिन्यांनी पीपीआर (शेळ्यांचा प्लेग) लस
- दीड-दोन वर्षांनी बोकड बदलणे

शेळी अडली तर ओढाताण करत बसू नका, १९६२ या सरकारी पशुवैद्यकीय हेल्पलाइनला फोन लावा. आणि डॉक्टर येईपर्यंत एक करडू बाहेर आलं असेल तर त्याला तेवढ्या वेळात चीक पाजून घ्या.