शोकेसमधल्या आरसी गाडीचे शॉक: तेल नको, उंची नेमकी हवी

जी आरसी (रिमोटवर चालणारी) गाडी पळवायचीच नाही, तिच्या शॉकमध्ये (चाकांचे दणके झेलणाऱ्या नळीत) सिलिकॉन तेल भरू नये. कपाटात दणके बसत नाहीत, त्यामुळे तेलाचा उपयोग शून्य आणि गळतीचा ताप मात्र कायम. ओ-रिंग (तेल अडवणारी रबरी कडी) चांगली असली तरी दांड्यावरून तेल हळूहळू झिरपते, खालच्या आर्मवर (चाक धरणाऱ्या दांडीवर) धूळ धरते. तेच तेलकट बोट बॉडीला लागले की स्टिकर सुटतात आणि पुढे रंग मारला तर त्यात खड्डे पडतात.

खरी डोकेदुखी उंचीची. स्प्रिंग बॅटरीसकट वजन धरून निवडलेली असते. बॅटरी काढली की गाडी उगाच उंच उभी राहते. त्यावर स्प्रिंग कापणे हा उपाय नव्हे. कापलेले टोक सीटवर तिरके बसते आणि काचेतूनही दिसते. शॉकची लांबी आत स्पेसर (दांड्यावर ओवायचा नळीसारखा तुकडा) घालून कमी करायची.

शॉक उघडण्याआधी माप घ्या. चासीखाली (गाडीच्या तळाखाली) पुठ्ठ्याच्या पट्ट्या रचून आर्म जमिनीला समांतर येतील अशी गाडी टेकवा आणि शॉकच्या वरच्या व खालच्या भोकांच्या केंद्रांमधले अंतर व्हर्नियरने मोजा. मग शॉक काढून पूर्ण ताणून तेच अंतर मोजा. समजा ताणलेला ९२ मिमी आणि हवा आहे ८४, तर आत ८ मिमीचा स्पेसर लागेल. पुढचे आणि मागचे शॉक वेगळे मोजा. अंदाजाने स्पेसर घालू नका: शॉक आर्मच्या मधोमध बसत असेल तर शॉकमधला १ मिमी चाकाशी साधारण २ मिमी होतो.

आता स्प्रिंग उतरवा, वरचे टोपण उघडून तेल ओता आणि दांडा बाहेर काढा. दांड्याला नुसता पक्कड लावू नका, कापड गुंडाळा. ओरखडा पडला की तोच ओ-रिंग कापतो. ई-क्लिप (दांड्यावर पिस्टन धरणारी E आकाराची बारीक कडी) काढताना हात आणि शॉक दोन्ही पारदर्शक पिशवीत ठेवा. २ मिमीची क्लिप उडाली की सापडत नाही. प्लॅस्टिक आणि रबर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवा. रॉकेल फक्त धातूच्या भागांना. ओ-रिंग त्यात फुगते. पेट्रोल पॉलिकार्बोनेटच्या बॉडीजवळही नेऊ नका, तडे जातात.

स्पेसर म्हणून सर्किट बोर्डाखाली लावतात ते बिनआट्यांचे नायलॉनचे तुकडे उत्तम, भोक ३ मिमीपेक्षा किंचित मोठे. टामिया या आरसी गाड्यांच्या कंपनीच्या सीव्हीए प्रकारच्या शॉकचा दांडा ३ मिमीचा असतो. ५ आणि ३ मिमीचे तुकडे जोडले की ८ झाले. बारीक फरक एम३ नायलॉन वॉशरने भरा. तुकडा सिलिंडरमध्ये घासत असेल तर बाहेरून पॉलिश पेपर मारा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर हवा तो तुकडा वळवून मिळेल, पण एवढ्याशा कामाला ते जरा जास्तच.

स्पेसर पिस्टनच्या (दांड्याच्या आतल्या टोकावरच्या चकतीच्या) खाली, म्हणजे पिस्टन आणि तळाची ओ-रिंग यांच्यामध्ये येतो. वर घातला तर उलट शॉक दबायचा थांबतो आणि उंची जशीच्या तशी राहते. ही चूक सगळ्यात जास्त होते. ओ-रिंगवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा, पिस्टनच्या कडेला मोहरीच्या दोन-तीन दाण्यांएवढे जाड ग्रीस लावा. म्हणजे हाताने दाबल्यावर गाडी टुणटुण उसळत नाही, सावकाश वर येते. सिलिंडर ग्रीसने गच्च भरलात तर शॉक अडकून बसेल.

टोपण लावताना दांडा पूर्ण बाहेर ठेवू नका. आत हवा कोंडते आणि तीच दुसरी स्प्रिंग होते. साधारण अर्धा आत ढकलून मगच टोपण आवळा. स्प्रिंगवरचे प्रीलोडचे (स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारे) क्लिप सगळे काढून टाका. तरीही कॉलर (स्प्रिंग टेकते ती वाटी) बसवताना जोर लागत असेल तर मऊ स्प्रिंग घ्या.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात आधी ई-क्लिप गंजतात, मग स्प्रिंग. दोन्हींवर शिवणयंत्राच्या तेलाचा हात पुसून घ्या, ओ-रिंगला मात्र ते लागू देऊ नका. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटून नको. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि ओल धरल्या की बदला.

शॉक नीट झाले तरी टायर चपटे होतातच, कारण आतला फोम दबून राहतो. चासीखाली ठोकळा द्या. टायर जमिनीला नुसता टेकावा, त्याखालून कागद ओढून काढता आला पाहिजे.