स्प्रिंग बदलल्या, शॉक जुनेच ठेवले

माझ्या हॅचबॅकला 40 मिमी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग घातल्या, शॉक (स्प्रिंगची उसळी आवरणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर) मात्र मूळचेच. गतिरोधकावर धाडकन आवाज यायचा आणि खड्डा ओलांडला की गाडी दोन-तीनदा झुलायची. शॉकचा दांडा आधीच आत गेलेला, त्यामुळे बंप स्टॉपपर्यंत (शॉक पूर्ण दबला की टेकतो तो रबरी अडसर) जागाच उरली नव्हती. शिवाय कडक स्प्रिंगची उसळी जुन्या शॉकला आवरत नव्हती.

शेवटी 25 मिमीच खाली बसवणाऱ्या स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे आखूड शॉक असा संच घेतला. स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकची एकत्र जोडणी) उतरवलाच होता, म्हणून तो गाडीला जोडणारे वरचे माउंटही नवे टाकले. मिस्त्रींनी चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या आर्मच्या बुशचे (रबरी सांध्याचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच आवळले, हे फार बरं झालं. चाक लटकत असताना आवळले तर बुशला कायमचा पीळ बसतो, रबर लवकर फाटतं. मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेतले. आता कात्रजच्या वळणांवर गाडी एका झोक्यात सावरते.