नागपूरच्या गंजात इटालियन पास्ता

सॉस कोणता करायचा हे नंतर बघू, आधी गंज, म्हणजे पातेलं, मोठं घ्या. माझ्याकडे बजाजनगरात इंजिनिअरिंगची मुलं डबा लावतात आणि रविवारी त्यांना पास्ता लागतो. त्यांच्यातलं कुणी शिकायला ओट्यापाशी उभं राहिलं की मी पहिलं हेच सांगते. छोट्या गंजात, जेमतेम बुडेल एवढ्या पाण्यात उकडलेला पास्ता चिकटतो, त्याचा लगदा होतो. मग ते झाकायला सिमला मिरची, मक्याचे दाणे, केचप आणि ओरेगॅनोच्या पुड्या वर येऊन पडतात. इटलीतल्या घरचं रोजचं जेवण याच्या अगदी उलट असतं. जिन्नस चार-पाचच, पण खाताना प्रत्येक जिन्नस ओळखू आला पाहिजे.

पाकीट घेताना मागची बाजू वाचा. ‘ड्युरम व्हीट सेमोलिना’ एवढंच लिहिलेलं असेल तर बिनधास्त घ्या. मैद्याची मॅकरोनी स्वस्त पडते, पण दोन मिनिटं जास्त उकळली की फुगून फुटते. ड्युरम हा कडक, पिवळसर दाण्याचा गहू. आपला बन्सी गहू त्याच जातीचा, म्हणून बन्सी रव्याचंही पुढे काम आहे.

माणशी ८० ते १०० ग्रॅम कोरडा पास्ता पुरतो. १०० ग्रॅमला १ लिटर पाणी आणि दर लिटरला १० ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे सपाट पावणेदोन चमचे. एवढं मीठ बघून सगळे दचकतात. त्यातलं बरंचसं पाण्यातच राहतं, पण जे पास्त्याच्या आत जातं ते शिजतानाच जातं. नंतर सॉसमध्ये कितीही मीठ घाला, आतून तो अळणीच लागतो. सॉसमध्ये मात्र मीठ हात राखून घाला, कारण शेवटी हेच खारट पाणी त्यात जाणार आहे.

पाणी खळखळ उकळल्याशिवाय पास्ता सोडू नका आणि त्यात तेल घालू नका. तेल वर तरंगतं, गाळताना पास्त्याला चोपडलं जातं आणि मग सॉस त्याच्यावर बसत नाही. चिकटू नये म्हणून पहिली दोन मिनिटं हलवत राहा, तेवढं पुरतं. पाकिटावर १० मिनिटं लिहिलं असेल तर आठव्या मिनिटाला एक तुकडा काढून दाताने तोडा. मधोमध बारीकसा पांढरा ठिपका दिसला की गॅस बंद. गाळायच्या आधी दोन वाट्या पाणी बाजूला काढा. गाळलेला पास्ता थंड पाण्याखाली धुऊ नका. त्याच्या अंगावरचा स्टार्च आपल्याला हवा आहे.

हे पाणी कशाला ठेवलं, ते नेपल्सच्या आल्यो ए ओल्योत कळतं. आल्यो म्हणजे लसूण, ओल्यो म्हणजे तेल, आणि पदार्थातही जवळपास तेवढंच असतं. दोघांसाठी २०० ग्रॅम स्पॅगेटी, मोठ्या लसणाच्या सहा पाकळ्या, ऑलिव्ह तेल मोठे चार चमचे, दोन सुक्या मिरच्या. गावरान बारीक लसूण तिखट असतो, तो घेतलात तर ठेचू नका, पातळ कापच करा. थंड कढईत तेल आणि लसूण एकत्र घालून मगच बारीक गॅस लावा. आपल्याला कडकडीत तेलात लसूण चुरचुरायची सवय आहे, ती इथे सोडावी लागते. काप कडेने पिवळसर व्हायला लागले की मिरचीचे तुकडे टाका आणि लगेच पळीभर पास्त्याचं पाणी ओता. लसूण लाल झाला तर कडू होतो आणि तो कडूपणा सगळ्या तेलात उतरतो, म्हणून पाणी हाताशीच हवं.

आता अर्धवट शिजलेली स्पॅगेटी कढईत घाला, गॅस मोठा करा आणि दोन मिनिटं चिमट्याने सतत घोळवा. कढईकडे नीट बघा. सुरुवातीला तेल वेगळं, पाणी वेगळं दिसतं. मग पाण्यातला स्टार्च तेलाचे बारीक थेंब धरून ठेवतो, बुडबुडे जाडसर होतात आणि पातळ पिवळट रस स्पॅगेटीला लपेटून बसतो. कोरडं वाटलं तर अजून दोन चमचे पाणी. ताटलीत तेल वेगळं सुटलं नाही म्हणजे जमलं. वरून तिथे पार्सली घालतात. आपल्याकडे ती मिळाली तर घाला, नाही मिळाली तर काहीच घालू नका. सांबार, म्हणजे कोथिंबीर, घातला की आपल्या भाजीचा वास येतो, आणि या पदार्थात एकच वास वर राहिला पाहिजे, लसणाचा.

मिरचीबद्दल माझा आग्रह आहे. आपल्याच जिल्ह्यातली भिवापुरी मिरची वापरा. रंग लाल, तिखटपणा खणखणीत आणि भाजल्यावर तिला स्वतःची चव आहे. पिझ्झाच्या पुडीतल्या चिली फ्लेक्समध्ये बियाच जास्त असतात. देठ काढा, बी झटका आणि कात्रीने जाड तुकडे करा. टोमॅटो आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडातून इटलीत गेले, तसेच आपल्याकडेही आले. त्यामुळे आपली मिरची त्यांच्या पास्त्यात परकी वाटत नाही.

टोमॅटो सॉससाठी लांबट, कमी बियांचे, पूर्ण लाल टोमॅटो निवडून घ्या. कॉटन मार्केटमध्ये सकाळी गेलात तर हवे तसे मिळतात. गोल गावरान टोमॅटो सारासाठी उत्तम, पण त्यात पाणी जास्त आणि आटवायला वेळ लागतो. एक किलो टोमॅटोला खालून फुली मारून उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवा आणि सालं ओढून काढा. मोठे तीन चमचे तेलात चार लसूण पाकळ्या हलक्या परता, हाताने कुस्करलेले टोमॅटो आणि मीठ घाला, आणि झाकण न ठेवता मध्यम आचेवर ३५ ते ४० मिनिटं शिजवा. कडेने तेल सुटलं की झाला. आलं, धणेपूड, गरम मसाला यातलं काही नाही. आंबट वाटला तर चिमूटभर साखर. हा सॉस बरणीत भरून फ्रीजमध्ये चार दिवस राहतो. यातच भिवापुरी जास्त घातली आणि पेन्ने, म्हणजे नळीसारखा पास्ता, घोळवला की रोमकडचं आराब्ब्याता तयार.

टोमॅटो सॉसमध्ये बेसिल हवं. तुळस घालू नका, तिचा लवंगेसारखा वास सगळ्यावर चढतो. फालुद्यातला सब्जा मात्र बेसिलचंच बी आहे. किराण्यातून सब्जा आणा, कुंडीत मातीवर पसरा, वर बोटाच्या पेराएवढीसुद्धा नाही, अगदी पातळ माती भुरभुरा आणि पाणी शिंपडत राहा. आठवड्याभरात कोंब येतात. इटालियन बेसिलइतका गोडसर वास प्रत्येक रोपाला नसतो, म्हणून पान चोळून बघा आणि आवडेल तेच रोप वाढवा. एप्रिल-मेमधल्या आपल्या उन्हात कुंडी हिरव्या जाळीखाली ठेवावी लागते.

आता बन्सी रवा. उन्हाळ्यात गच्चीवर शेवया, कुरडया होतात, तसे विदर्भातल्या बऱ्याच घरांत सरगुंडेही होतात. माझ्या सासूबाई पवनीच्या. बारीक काडीवर कणकेची दोरी गुंडाळत त्यांचा हात असा चालतो की बघणाऱ्याला वेढे मोजता येत नाहीत. सिसिलीत त्रापानीकडे बुझ्याते नावाचा पास्ता अगदी असाच काडीवर वळतात. म्हणून घरी पास्ता करायचा तर मशीन आणू नका, सरगुंडे येणारी बाई शोधा. २०० ग्रॅम बारीक बन्सी रवा आणि साधारण १०० मिलिलिटर कोमट पाणी. अंडं लागत नाही. गोळा सुरुवातीला भुसभुशीत होतो, घाबरून पाणी वाढवू नका. दहा मिनिटं तळहाताने रेटून मळला की गुळगुळीत होतो. ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा. मग पेन्सिलीपेक्षा बारीक दोरी वळा, बोटभर लांब तुकडा तिरपा काडीवर ठेवा, हलक्या हाताने पुढे लाटा आणि काडी ओढून काढा. काडी अडकली तर तिला किंचित पीठ लावा. ताजा पास्ता चार-पाच मिनिटांतच शिजतो, तेव्हा सॉस आधी तयार ठेवा.

मुलं माझ्याकडे मागतात ते असतं, “काकू, आज व्हाइट सॉस करा ना.” तो मी मनापासून करते, कारण नीट केलेला व्हाइट सॉस इटलीतही आहे. तिथे त्याला बेशामेल्ला म्हणतात आणि तो लझान्याच्या थरांत जातो. ३० ग्रॅम बटर, ३० ग्रॅम मैदा, अर्धा लिटर दूध. बटरमध्ये मैदा बारीक आचेवर दोन मिनिटं परता, रंग बदलू देऊ नका. मग गार दूध थोडंथोडं घालत घोटा आणि उकळी आल्यावर पाच मिनिटं शिजवा, म्हणजे कच्च्या मैद्याची चव जाते. शेवटी मीठ, मिरपूड आणि जायफळाचे किसणीवर चार-पाच फटके. पातळ करायला पास्त्याचं पाणी आहेच.

आल्फ्रेडो पास्ता वेगळा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये आल्फ्रेदो दि लेल्यो हे गरम फेत्तुच्चिने, म्हणजे फितीसारखा पास्ता, नुसत्या लोण्यात आणि किसलेल्या पार्मेझान चीजमध्ये घोळवून देत. अमेरिकेत तो पोचला आणि त्यात क्रीम आलं. गार्लिक ब्रेडही अमेरिकेतलाच. पावाला लसूण-बटर लावून तव्यावर झाकण ठेवून भाजा, बस.

पार्मेझानबद्दल शाकाहारी घरांनी हे लक्षात ठेवावं, की खरं पार्मिजानो रेज्जानो करताना दूध वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. माझ्याकडची काही मुलं घरून शुद्ध शाकाहारी आहेत, म्हणून मी हिरवा ठिपका असलेलं इथलं कडक चीज आणते. पाकीट उलटून बघा, जेवणाऱ्याला विचारा. नेहमीचं अमूल प्रोसेस्ड चीज व्हाइट सॉसमध्ये छान विरघळतं. आल्यो ए ओल्योत ते घालू नका, चिकट होतं.

थंडीत भरताची वांगी आली की मी पार्मिजाना करते, म्हणजे तळलेली वांगी, टोमॅटो सॉस आणि चीज यांचे थर. दक्षिण इटलीतून लाखो माणसं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला आणि विसाव्याच्या सुरुवातीला अमेरिकेत गेली. तिथे मांस परवडायला लागलं, तेव्हा वांग्याच्या जागी चिकन आलं आणि चिकन पार्मेझान झालं. पऱ्हाट्यांच्या आरावर भाजायची मोठी वांगी घ्या, साधारण किलोभर. सेंटिमीटरभर जाड काप करा, मीठ लावून अर्धा तास चाळणीत ठेवा, फडक्याने पुसून कोरडे करा. पुसलं नाही तर तेल उडतं आणि काप सोनेरी होत नाहीत. साध्या तेलात दोन्ही बाजूंनी तळा. खोल भांड्यात सॉस, वांगी, चीज असे थर लावा, सगळ्यात वर सॉस आणि चीज. ओव्हन असेल तर १८० अंशांवर अर्धा तास. नसेल तर जाड बुडाच्या कढईत थर लावा, झाकण घाला, खाली तवा ठेवा आणि मंद आचेवर २५ मिनिटं. वरचा थर लाल होत नाही, पण चव तीच येते. लगेच कापू नका, पंधरा मिनिटं निवू द्या, म्हणजे थर सुटत नाहीत.

सोबत संत्र्याची कोशिंबीर करा. सिसिलीत संत्रं, कांदा, ऑलिव्ह तेल, मीठ आणि मिरपूड एवढ्यावर करतात. आपलं संत्रं त्यांच्यापेक्षा गोड आणि सुटं, म्हणून चार संत्र्यांना अर्धं लिंबू पिळा. फोडीवरची पांढरी साल आणि पापुद्रा काढायला वेळ द्या, सगळी मजा त्यातच आहे. कांदा कागदासारखा पातळ कापून दहा मिनिटं गार पाण्यात ठेवा. मीठ अगदी वाढताना, नाहीतर रस सुटतो. अंबिया बहार उतरला की दिवाळीनंतर, किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये मृगाची संत्री आली की हे करा. एरवी नको.

डब्यात पाठवायचा असेल तर स्पॅगेटीऐवजी पेन्ने घ्या, एक मिनिट आधी काढा आणि सॉस हवा त्यापेक्षा थोडा पातळ ठेवा, कारण डब्यात पास्ता रस पीत राहतो. आणि रात्री स्पॅगेटी उरली तर नेपल्समधल्यासारखी सकाळी फ्रिताता करा. दोन वाट्या स्पॅगेटीला चार अंडी, मूठभर चीज, मिरपूड. तेल लावलेल्या तव्यावर पसरून झाकण ठेवा, मंद आचेवर दहा मिनिटं, मग ताटलीवर उलटवून दुसरी बाजू पाच मिनिटं. गार झाल्यावर त्रिकोणी कापून डब्यात भरा. थालीपीठ उलटवता येत असेल तर हेही येईल.